बाणाच्या खुणेची बाटली

त्या दिवशी आम्ही बाजारात गेलो ते वाळवणाच्या मिरच्या आणायला. काम एवढंच होतं. बसा जरा जवळ, मेणबत्तीची वात स्थिर होऊ द्या, मग सांगते. हे सांगताना अजून अंगावर काटा येतो, पण त्याहून जास्त हात जोडावेसे वाटतात.

यवतमाळच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्यांच्या पलीकडे जुन्या सामानाची दुकानं जमिनीवर मांडलेली असतात. कापसाची ती सालं फार वाईट गेली, कर्जापायी किती कास्तकारांनी फवारणीचं औषध घेतलं. त्या उन्हाळ्यात तिथे भंगाराच्या जागी लोकांची घरंच येऊन पडली होती. पितळी गुंड, पाळण्याच्या कड्या, खलबत्ते, लग्नात आलेले तांबे. मी मान खाली घालून पुढे निघायची. आमचे हे मात्र तिथेच बसकण मारायचे. हे म्हणजे माझे यजमान अतुल, कापूस खरेदी केंद्रावर मापारी. त्यांना एकच नाद, जुन्या लष्करी वस्तूंचा. बक्कल, बटण, बिल्ला, पत्र्याचा मग. त्यांचे आजोबा पलटणीत होते, पण आजोबांचं एक बटणही घरात राहिलेलं नव्हतं. म्हणून हे दुसऱ्यांच्या आजोबांच्या वस्तू गोळा करायचे.

"साधना, इकडं ये! पाह्य काय गवसलं."

लोखंडी पाण्याची बाटली होती. कमरेला बसावी म्हणून एका अंगाने आत वळलेली, वरून खाकी कापडाचा अंगरखा शिवलेला, दोरीला बांधलेलं बूच, आणि भोवती सुती पट्टा. ह्यांनी पट्टा उलटा करून उन्हात धरला.

"हा बाण दिसते? सरकारी मालाची खूण. बाणाजवळ इंग्रजी आय, म्हंजे हिंदुस्थानात बनलेली, आन् खाली साल. आन् हे नाव, शाईनं लिहेल हाये. सदाशिव. दुसऱ्या लढाईतली अस्सल बाटली हाये वो."

"वास मारते ती," मी म्हटलं.

"साठ वर्षं बंद राह्यली, तं अत्तराचा येईन काय?"

दुकानदार देवसिंग दात काढून हसला. "वहिनी, साहेबाले सोनं दाखवा, पाह्यत नाही. गंज दाखवा, लगेच मांडी घालते."

वास चिखलाचा होता. खोलवरच्या, ऊन न पाहिलेल्या चिखलाचा.

घरी आल्यावर ह्यांनी ती गळते का हे पाहायला काठोकाठ भरली आणि मधल्या खोलीत खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज हात लावला, तर हलकी. बूच घट्ट. भिंत कोरडी, फरशी कोरडी. मी पुन्हा भरली. पुन्हा रिकामी.

मग आवाज आला. भारनियमनाची वेळ होती, पंखा बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. मी ओसरीत मिरच्यांची देठं खुडत बसले होते. मधल्या खोलीचं दार लोटलेलं. आतून कोणीतरी पाणी पीत होतं. एक घोट... थांबून आणखी एक... घाई नव्हती, पण संपतही नव्हतं. मला वाटलं, आमची लेक मोनाली असेल. तेवढ्यात मोनाली माझ्या मागून म्हणाली, "आई, आत कोण हाये?"

मी देठं तशीच टाकली आणि दार उघडलं. खोलीत कोणी नव्हतं. वास मात्र होता.

त्या संध्याकाळपासून माझ्या लेकीला तहान लागली.

आधी आम्ही हसलो. मे महिना, लेकरू दिवसभर खेळते, पाणी मागणारच. पण ती माठापासून हलेचना. पेल्यामागून पेला, आणि ओठ तसेच फुटलेले, जीभ लाकडासारखी. दवाखान्यात रक्त तपासलं, साखर पाहिली. डॉक्टर चांगले होते, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कारण सापडत नाही. सलाइन लावलं, ते नळाला लावल्यासारखं आत गेलं, आणि लेकरू सुकतच राहिलं. तिचे डोळे खोल गेले. तिला उचलली की कापसाच्या बोचक्याइतकीही वाटेना.

घरी आणल्यावर एका दुपारी मी पेला घेऊन तिच्याजवळ गेले. ती खाटेवरून उतरून जमिनीवर उकिडवी बसली. मान खाली, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाला लावलेली.

"हातात नोको देऊ," ती म्हणाली. "वरून ओत... लांबून ओत."

शहरात वाढलेली पोर माझी. हे तिला कोणी दाखवलं होतं?

आमच्या विहारातल्या बेबीताई तेव्हा घरी आल्या होत्या. साऱ्या बायकांना दरडावून त्रिशरण म्हणायला लावणारी बाई, पण ते पाहून दाराची चौकट धरून खाली बसली. "माझे सासरे सांगत," त्या हळूच म्हणाल्या. "छप्पनच्या दीक्षेआधी असंच पाणी भेटे. विहिरीले हात लावाची सोय नव्हती. वरून धार धरत, ओंजळीत घ्या लागे... साधना, ही मोनाली नाही पिऊन राह्यली."

"ताई, आपण भूत मानत नाही ना?"

"भूत नाही मानत. तहान तं मानतो."

मग त्यांनीच सांगितलं, जलदान करू. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, गाथा म्हणत एका भांड्यातून दुसऱ्यात पाण्याची धार धरायची, खालचं भांडं भरून वाहू लागलं की आपलं पुण्य त्याला देऊन टाकायचं. "पण नाव पाह्यजे. बिननावाचं पाणी कोणाले पोहोचन?"

नाव तर पट्ट्यावर होतंच. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्या दिवशी सकाळी मी अष्टशील घेतलं, पांढरं पातळ नेसले, दुपारनंतर अन्न वर्ज्य केलं. मनात संकल्प सोडला की लेकरू उठलं तर दर उन्हाळ्यात एसटी स्टँडजवळ पाणपोई घालीन. बेबीताईंनी गाथा म्हटल्या, मी धार धरली आणि सदाशिव या नावाने माझ्या साऱ्या उपोसथांचं, पौर्णिमेच्या उपासांचं, पुण्य देऊन टाकलं. वाटी भरली, वाहिली. आम्ही वाट पाहिली.

मोनालीने डोळे उघडले. "पाणी," ती म्हणाली.

ह्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. बाटली घेऊन अंगणात गेले, चिंच लावून तिचा गळा घासू लागले. गंज गेला तसा तिथेही बाण निघाला, आणि बाणाखाली साल. ह्यांनी पट्ट्यावरचं साल पुन्हा पाहिलं आणि मला हाक मारली.

"पट्टा मागाहूनचा हाये, साधना. बाटलीच्या तीन वर्षं नंतरचा. दोन माणसायच्या वस्तू जोडल्या कोणी तरी... आन् मी, इतके वर्ष पाहून राह्यलो, शाईचं नाव पाहून भुललो."

तसेच ते सायकल काढून देवसिंगकडे गेले. मी बेबीताईंना मोनालीजवळ बसवून मागोमाग ऑटोने गेले. देवसिंग बिचारा घाबरला. "पट्टा मीच लावला, साहेब. कापडबी माहीच बायको, लालीबाई, तिनंच शिवलं. बिना कपड्याची, बिना पट्ट्याची बाटली कोन घेते? ते तं नुसतं लोखंड होतं. मुकुटबनकडे एक जुनी विहीर आटली, गाळ काढला, त्यात भेटली."

"विहिरीत?"

"बुडाशी. और भी था... हड्डी वगैरे. गावातल्यांनी माती देऊन टाकली. कोन होता, कोनालेच मालूम नाही."

घरी येऊन ह्यांनी कात्री हातात घेतली. एरवी जुन्या वस्तूचा एक टाका उसवला तर दोन दिवस जेवत नसत. त्या दिवशी अंगरखा त्यांनी टराटरा कापला. आतलं निळं रोगण गंजाने खाल्लेलं होतं, पण आत वळलेल्या अंगाला, कमरेला टेकते तिथे, खिळ्याने ओरखडून अक्षरं काढली होती. वेडीवाकडी, नुकतंच लिहायला शिकलेल्या माणसाची. उकंडा. आमच्याकडचं जुनं नाव.

माझ्या डोळ्यांसमोर तो उभा राहिला. इतक्या लांबची लढाई करून सुट्टीवर निघालेला, अंगात सरकारी कपडे, बाटली रिकामी, आणि वाटेत विहीर. वर कोणी असेल का धार धरायला? नसेल. मग तो वाकला असेल. की कोणी पाहिलं असेल आणि... ते मला माहीत नाही, आणि बनवून मी सांगणार नाही.

बेबीताईंनी पुन्हा गाथा सुरू केल्या. भर दुपार होती. मी तांब्याने धार धरली. वाटी भरेना. तांब्या संपला, ह्यांनी दुसरा दिला, मग कळशी. इतकीशी वाटी, आणि पाणी आत जाऊन दिसेनासं होत होतं. मोनाली उकिडवी बसलेली, ओंजळ तोंडाशी, डोळे माझ्या हातावर.

मग मला कसं सुचलं कोण जाणे. मी धार थांबवली. पेला भरला, तिच्यासमोर खाली बसले, तिची ओंजळ हळूच सोडवली आणि पेला तिच्या हातात ठेवला. बोटाला बोट लागलं. ती बोटं माझ्या लेकीची नव्हती. जाड, राठ, विहिरीच्या तळाच्या दगडासारखी थंड.

"घ्या, उकंडाबाबा," मी म्हटलं. "हातात घ्या. आपल्याच घरी आहात."

बराच वेळ तो पेला तसाच राहिला. मग ओठाला लागला. सावकाश, एकेक घोट. खालची वाटी आपोआप भरून फरशीवर वाहू लागली. पेला खाली ठेवून माझी मोनाली म्हणाली, "बस." थोड्या वेळाने म्हणाली, "आई, भूक लागली." मी तिला पोटाशी धरून इतकी रडले की बेबीताई ओरडल्या, "अवो, पोरीले आधी भाकर तं दे!"

म्हणून म्हणते, मला त्या माणसाचा राग नाही. त्याने माझं लेकरू परत दिलं. पाणपोई दर उन्हाळ्यात असते, आणि ती बाटली ह्यांनी मुकुटबनला नेऊन त्याच्या मातीजवळ पुरली.

राहिला पट्टा. ह्यांना चैन पडेना. सदाशिव कोण, हे पेन्शनवाल्या जुन्या शिपायांत विचारत राहिले. शेवटी त्याच उन्हाळ्यात कळलं, महागावला आहेत. आणि जिवंत आहेत. आम्ही जिवंत माणसाच्या नावाने जलदान केलं होतं.

आम्ही पट्टा घेऊन गेलो. ऊन असं की कुत्री गटारात लोळत होती. सदाशिवराव अंगणात, भर उन्हात बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचं वय, तुकतुकीत चेहरा, कपाळावर घामाचा थेंब नाही. त्यांनी पट्टा ओळखला, छातीशी धरला, आम्हाला भरभरून आशीर्वाद दिले.

सून, सत्यभामा, मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, बुद्धपौर्णिमेपासून बाबा पाणीच नाही पेत. घोटभरही नाही. डॉक्टरले दाखवलं, तं म्हणते तब्येत ठणठणीत हाये."

"कोणी तरी नाव घेऊन पाजलं मले," सदाशिवराव तिकडूनच समाधानाने म्हणाले. त्यांनी ऐकलं कसं, कळलं नाही. "तहान गेली ते गेलीच. ज्यानं पाजलं त्याचं भलं हो." मी नुसती त्यांच्या पायांना हात लावला.

"सत्यभामा, पाव्हण्यायले पाणी दे," ते म्हणाले. तिने दोन पेले आणून आमच्या हातात दिले.

"आणखी एक आण. त्याले काहून नाही देत?"

"कोणाले, बाबा?"

म्हाताऱ्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. "तुमच्या मांगं उभा हाये तो. नवाच हाये, वावरातून आल्यासारखा. लय तान्हेला दिसते..." मग आवाज खाली आणून, जणू त्या उभ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून, ते म्हणाले, "या दोन-चार सालात लय झाले, पोरी. पहिले मले दिसत नव्हते."

ह्यांनी माझा दंड घट्ट धरला. मी मागे वळून पाहिलं नाही. माझा भरलेला पेला उचलला आणि हात तसाच मागे नेला.

"घ्या, दादा," मी म्हटलं. "नाव सांगा, आणि हातात घ्या."

पेला माझ्या बोटांतून कोणी तरी अलगद घेतला. आणि मग माझ्या कानाजवळ, अगदी हळू, एक नाव...