पूजेतला चाकू

"आता पळ," विनुता म्हणाली. "आणि खिशात चाकू आहे हे विसरलास, तर तोच आपला."

प्रणवेश दुकानासमोरच्या बोळातून पळत सुटला. त्याच्या खिशात लाकडी मुठीचा, पितळी नक्षीचा भलामोठा घडीचा चाकू होता. पावलागणिक तो मांडीवर असा आपटत होता, की वळण घेऊन परत येईपर्यंत अर्धी चड्डी एका अंगाला उतरली. पायरीवर बसून सुंडल, म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची उसळ, खाणारी भुवना इतकी हसली की अर्धं सुंडल सांडलं.

"विसरलास?" विनुताने विचारलं.

"चड्डी विसरणार होतो," प्रणवेश म्हणाला आणि नाइलाजाने तो चाकू परत ठेवला.

प्रणवेश आणि त्याची धाकटी बहीण भुवना तंजावूरच्या राजवाड्यामागच्या जुन्या गल्लीत राहत. चुलतबहीण विनुता सुट्टीला पापनाशमहून आली होती. दसऱ्याला सकाळची पूजा झाली की गुरुराजकाका तिघांना सायकलींवरून ओरत्तनाडूला, तिथलं मराठी राणीच्या नावाचं जुनं छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, बघायला नेणार होता. वाटेत दोरी कापायला, फळं चिरायला, पंक्चरचा रबर कातरायला एक चाकू हवा, असं त्याचं म्हणणं. चाकू हलका हवा, पण लेचापेचा नको. तिघांना पटेल तोच घ्यायचा, तो तिघांचा राहील आणि थोरला म्हणून प्रणवेश तो सांभाळेल. एवढं बजावून काका दुकानाच्या बाकावर फोनवर बोलत बसला होता.

दुसरा चाकू पिसासारखा हलका निघाला, पण उघडल्यावर पातं सैल बिजागरीसारखं डुगडुगत होतं. विनुताने तो दोन बोटांनी बाजूला सारला. तिसरा होता करडा. त्याची मूठ टणक प्लास्टिकची आणि खरखरीत, आणि पातं बोटाएवढं. अंगठ्याने ढकललं की पातं उघडून खटकन अडके, आणि आतली पट्टी बाजूला दाबल्याशिवाय मिटत नसे. पाठीला खिशाच्या काठावर अडकवायची क्लिप होती. भुवनाने हात पाण्याने ओला करून मिटलेली मूठ आवळली. ती जरादेखील निसटली नाही.

"दिसतोय उंदरासारखा," प्रणवेश कुरकुरला.

"कुरतडायला तोच बरा," विनुता म्हणाली.

तो घेऊन प्रणवेश पुन्हा पळाला. वळणावर थांबून त्याने खिसा चाचपला, चाकू आहे की पडला ते बघायला. झालं, निवड झाली. आणि गंमत अशी, की घरी पोचेपर्यंत तो उंदीर त्याला जिवापाड आवडायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजा होती. या गावात नवरात्राच्या नवमीला घरातली पुस्तकं आणि हत्यारं देवीपुढे मांडतात. प्रणवेशच्या घरी कोलूच्या, म्हणजे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या, पायऱ्यांपुढे मोठा पाट मांडला होता. त्यावर शाळेची पुस्तकं, आईची कात्री, स्वयंपाकघरातली विळी, काकाचा लॅपटॉप, सगळं विराजमान झालं. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही.

आजोबांच्या झांजा, पेटी, पखवाज आणि तंबोरा हेही त्यातच असत. राममूर्तीआजोबा म्हणजे गल्लीचे कीर्तनकार. नवमीच्या संध्याकाळी ते तळ्याकाठच्या मांडवात कीर्तनाला उभे राहत, पण वाद्यं पूजेत म्हणून ते कीर्तन नुसत्या टाळ्यांवर चाले. बुवांचा उघडा गळा आणि सगळ्या गल्लीच्या टाळ्या. ज्याने ते ऐकलं त्याला पखवाज नसल्याची आठवणही होत नाही.

आईने प्रणवेशला चाकूही डबीत घालून पाटावर ठेवायला सांगितलं. तो डबी घेऊन मागच्या अंगणात गेला. चाकू हातात धरला. उद्या सकाळपर्यंत सोडायचा? आजचा एक दिवस तो खिशात असता तर कुणाचं काय जाणार होतं? सायकलच्या सामानाच्या डब्यात ब्रेकचा जुना रबर पडला होता. तो डबीत गेला आणि चाकू खिशात. आईने डबीला हळदकुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं, आणि सगळ्यावर लाल रेशमी वस्त्र पांघरलं. नमस्कार करताना प्रणवेशने देवीच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

दुपारी जेवणं होऊन गल्ली सुस्तावली होती, तोच तळ्याकडून ओरडा ऐकू आला.

गल्लीत गाई पाळणाऱ्या रंजनाअक्काचं वासरू मांडवापाशी चरत होतं. निळ्या नायलॉनच्या दोरीचं एक लांब टोक तिथे लोंबत होतं, ते त्याच्या गळ्याभोवती गुरफटलं. घाबरून ते मागे सरलं, शेवाळलेल्या पायरीवरून घसरलं आणि पाण्यात गेलं. दोरीचं दुसरं टोक कठड्याला घट्ट बांधलेलं. वासरू पाय मारी तसतसा फास आवळत होता. रंजनाअक्का कमरेएवढ्या पाण्यात त्याचं डोकं वर धरून उभी होती आणि एकच शब्द ओरडत होती, "चाकू, चाकू आणा."

पण त्या दिवशी गल्लीत चाकू होता कुठे? एकूण एक घरातली सुरी, कोयता, कात्री देवीपुढे वस्त्राखाली होती. कुणी म्हणे पूजेतलं उचलायचं कसं, कुणी म्हणे जीव मोठा, आण जाऊन, आणि आणायला कुणीच हलेना. काका दातांनी गाठ सोडवू पाहत होता.

प्रणवेश वरच्या पायरीवर उभा होता. त्याचा हात खिशावर होता. चाकू काढला की सगळं उघडं पडणार, आईला कळणार, आजोबांना कळणार. तो हात तिथेच राहिला. वासराची जीभ बाहेर आली. एक डोळा पांढरा होऊन त्याच्याकडे वळला.

मग तो उतरला. फास आणि मान यांच्यामध्ये त्याने कशीबशी दोन बोटं घातली, पातं बाहेरच्या बाजूला वळवलं आणि कापायला लागला. हात ओले होते, वासरू झटके देत होतं, पण मूठ निसटली नाही आणि पातं डुगडुगलं नाही. दोरी तुटली. वासरू खोकलं आणि रंजनाअक्काच्या अंगावर कोसळलं.

"हा चाकू कुठून आला?" कुणीतरी विचारलं.

प्रणवेशने खाली बघत पातं मिटलं. उत्तर काकानेच दिलं. तो म्हणाला, डबी पाटावर ठेवताना मी डोळ्यांनी पाहिली आहे. आई धावत घरी जाऊन बघून आली. वस्त्र जसंच्या तसं होतं आणि त्याखाली डबीवरचं फूलही हललेलं नव्हतं, आणि डबी तर सकाळपर्यंत उघडायची नव्हती. मग काय विचारता! बायकांनी हात जोडले. देवीने आपल्या पुढ्यातला चाकू मुलाच्या हाती दिला, ही बातमी चिंब चड्डी वाळायच्या आत गल्लीभर झाली. आजोबांनी त्याला जवळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. संध्याकाळी ठरलेलं आख्यान बाजूला ठेवून ते हीच कथा लावणार होते.

प्रणवेश अंगणात जाऊन बसला. जो येई तो त्याच्या डोक्यावरून हात फिरवी, आणि प्रत्येक हाताखाली तो खाली खाली जाई. थोड्या वेळाने विनुता आणि भुवना येऊन समोर उभ्या राहिल्या.

"पंगतीत उजवा हात भातात आणि डावा खिशावर," विनुता म्हणाली. "मला वाटलं तुझं पोट दुखतंय. आता बघ, खिशाच्या काठाला क्लिपची खूण पडली आहे. सकाळपासून खिशातच होता ना?"

त्याने मान डोलावली. 

विनुताने हातातला निळा दोरीचा तुकडा पुढे केला. तिने तो कठड्यावरून सोडवून आणला होता. सगळे चमत्कार चमत्कार करत होते तेव्हा ही दोरी कुणाची, एवढं कुणीच विचारलं नव्हतं. दोघी बहिणी दोरीच्या मागावर मांडवात गेल्या होत्या. कीर्तनाचा मोठा फलक ह्याच निळ्या दोरीने बांधला होता. तशीच तिहेरी गाठ, काका सायकलींवर सामान बांधताना मारतो ती. उरलेली लांबलचक दोरी कापायला कात्री नव्हती, म्हणून त्याने ती तशीच लोंबत सोडली होती.

"म्हणजे काकाचंही चुकलं," भुवनाला धीर आला. तिने एक युक्तीही काढली. सगळे कीर्तनाला गेले की मी वस्त्र उचलते, तू चाकू डबीत घाल. सकाळी डबी उघडली की चाकू आत. कुणाला काही कळायचं नाही.

किती सोपं होतं ते! प्रणवेश खरोखरच उठला. ओसरीवर आजोबा डोक्याला पागोटं बांधत होते आणि नव्या कथेची सुरुवात गुणगुणत होते. आवाज प्रेमाने भिजलेला होता. चाकू परत डबीत गेला असता, पण ही कथा परत कुठे घालणार होता तो? आजोबा ती देवीसमोर सांगणार होते, खरी समजून.

तो ओसरीवर गेला आणि मिटलेला चाकू त्यांच्या पायांपाशी ठेवला.

"आजोबा, हा पूजेत नव्हताच. डबीत ब्रेकचा रबर आहे."

आजोबांचे हात पागोट्यावर थांबले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाकू उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "मी तुला एकदाही विचारलं नाही रे. गोष्ट इतकी गोड होती, की विचारावंसंच वाटलं नाही." त्यांनी चेहरा वळवला, आणि आजोबांनाही लाज वाटते हे प्रणवेशला पहिल्यांदा दिसलं. दारात उभ्या काकाच्या हातात विनुताने निळी दोरी दिली. ती बघून काका आत न जाता मांडवाकडे निघाला, उरलेली टोकं गुंडाळायला.

दिवे लागले. मांडव भरला. पूर्वरंग संपला आणि आजोबा उत्तररंगाला उभे राहिले, तसे सगळे सरसावून बसले, चमत्कार ऐकायला.

"आज चमत्कार झाला नाही," आजोबा म्हणाले. "दोरी आमच्या घरच्या माणसाने लोंबत सोडली होती. चाकू देवीपासून लपवून ठेवलेला होता. आणि न विचारता चमत्कार म्हणून मोकळा झालो तो मी. तिघांनाही देवी क्षमा करो." नाव त्यांनी कुणाचंच घेतलं नाही.

मांडवात कुजबूज सुरू झाली. प्रणवेशला वाटलं, जमिनीने गिळावं. पण शेजारी विनुता नुसती त्याच्याकडे बघत होती. तो उभा राहिला. "मी लपवला होता," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

बायकांच्या बाजूने रंजनाअक्का उठली. तिच्या पदराला अजून तळ्याचा वास होता. "देवीने दिला की तू लपवलास, ते तुझं आणि तिचं," ती म्हणाली. "माझं वासरू घरी दूध पितंय. शहाणा मुलगा आहेस. चाकूसुद्धा चांगला निवडलात तिघांनी."

पुन्हा शाबासकी. ती घेऊन गुपचूप खाली बसता आलं असतं. प्रणवेश उभाच राहिला.

"मी पायरीवर थांबलो होतो, अक्का. चाकू खिशात असून थांबलो होतो."

"ठाऊक आहे," रंजनाअक्का म्हणाली. "पाण्यातून मला तुझा हात दिसत होता. त्या हाताकडे बघतच मी चाकू चाकू ओरडत होते." मग ती जरा थांबली. "आलास ना खाली? बैस आता. बुवांना गाऊ दे."

तो बसला. आजोबांनी डोळे मिटून अभंग उचलला आणि टाळी दिली. गल्लीने टाळी दिली. प्रणवेशचे हात काही वेळ मांडीवरच पडून होते. मग भुवनाने त्याला कोपराने ढोसलं, आणि त्याने, चुकत चुकत, ताल धरला.