व्हाळाकाठी थांबलेला अभंग

मध्यरात्रीच्या आत आम्हाला तुयेला पोचायचं होतं. तिथल्या देवळात श्रावणातला भजनी सप्ता बसला होता आणि मध्यरात्रीचा प्रहर आमच्या मुळगावच्या मंडळीचा. सप्त्याचा नियम सोपा, पण कडक. पुढच्या गावाच्या हातात टाळ पडल्याशिवाय आधीच्या गावाने उठायचं नाही. भजनात खंड पडता कामा नये. मागच्या वर्षी आमची जीप वाटेत बंद पडली आणि आमच्या आधीच्या प्रहराची पार्सेची मंडळी आमच्यापायी ताटकळत गात राहिली. देवळाचे महाजन रामचंद्रबाब यांनी तेव्हाच सभामंडपात सगळ्यांदेखत बजावलं होतं, की आणखी एकदा उशीर झाला तर हा प्रहर पार्सेकडे जाईल. आमच्या आज्यांच्या वेळेपासूनचा प्रहर!

गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षीची ही गोष्ट. राज्य झालं, पण आमचा रस्ता होता तिथेच आणि होता तसाच. खाणीचा तांबडा चिखल पावसाने डांबरावर उतरलेला, वर धुकं, आणि माझ्या जीपचा वायपर फक्त माझ्या बाजूचा चालणारा. शेजारी बाबुरावबुवा, आमचे मुख्य गायक. मागे त्यांची थोरली बहीण चंद्रभागाबाय, जिला सगळ्या जुन्या चाली तोंडपाठ. मांडीवर पखवाज घेतलेला शांताराम. आणि झांज घेऊन भैरू. भैरू मूळ कोल्हापूरकडचा, खाणीवर कामाला, पण भजनाच्या वेडाने आमच्यातला झालेला.

निघतानाच उशीर झाला, कारण बुवांचं उपरणं सापडेना. शेवटी ते त्यांच्याच खांद्यावर सापडलं!

पुढे तर चिडचिडीला अंतच नव्हता. चिखलाचे शिंतोडे उडून जीपच्या दिव्यांच्या काचा तांबड्या होत. उजेड क्षीण झाला की मी थांबायचो, शांताराम उतरून काचा पुसायचा. प्रत्येक थांब्याला बुवा सुस्कारा टाकत. एकदा म्हणाले, "गाडी हाकतलोस काय रात्रभर दिवेच पुसतलोस, कृष्णनाथा?"

धुकं दाटलं तसं मी दिव्यांचा झोत खाली केला. बुवांना ते मुळीच पटलं नाही. त्यांच्या मते काळोख जास्त, तर उजेडही जास्त हवा. त्यांच्या समाधानासाठी एकदा झोत वर करून दाखवला. समोर पांढरी भिंत! रस्ता नाही, झाड नाही, काही नाही. झोत खाली केला तेव्हा कुठे डाव्या अंगाची गवताची कड दिसली. त्या कडेला धरून मी गोगलगाईसारखा सरकत होतो आणि मनातल्या मनात रामचंद्रबाबांचा चेहरा बघत होतो.

वळणावर समोरून खाणीचा टिप्पर आला. दोन्ही दिवे पेटते, थेट डोळ्यांत! मी डिप्पर मारला. त्याने ऐकलं नाही. पुन्हा मारला. नाही! समोरच्या दिव्याकडे बघितलं की माणूस पतंगासारखा दिव्याकडेच ओढला जातो. मी नजर डाव्या कडेवर रोवली, वेग आणखी कमी केला, चाक गवतात घातलं. टिप्पर घासून गेल्यासारखा गेला आणि काचेवर बादलीभर चिखल ओतून गेला.

"पुस रे," मी शांतारामला म्हटलं. या खेपेला कुणी सुस्कारा टाकला नाही.

अस्नोड्याच्या पुढे दोन वाटा होत्या. थिवीवरून जाणारी लांबची. आणि दुसरी जवळची, व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, बुटक्या फरशीपुलावरून. बुवा म्हणाले, कालच त्या वाटेने आलो, पाणी घोट्यालाही नव्हतं. उशीर एवढा झाला होता, की मीही मान डोलावली.

वाट जवळची घेतल्यावर बुवांची कळी खुलली. तुयेला बसल्या बसल्या आवाज लागावा म्हणून त्यांनी अभंग उचलला. चंद्रभागाबायने साथ धरली, पखवाज बोलू लागला, भैरूची झांज खणखणली. काय सांगू, त्या धुक्यात जीप म्हणजे चालता सभामंडप झाला! माझी सगळी चिडचिड विरघळली. मी स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला. पुढचा रस्ताही एकाएकी गुळगुळीत, काळाभोर, चकचकीत दिसू लागला. खड्डा नाही, चिखल नाही.

एवढा चांगला रस्ता? इथे?

मी ब्रेक दाबला. पुढची चाकं मऊ कशात तरी शिरली.

"भजन थांबवा!" मी ओरडलो.

बुवा ओळीच्या मध्यावर होते. ते तसेच थांबले, तोंड उघडं ठेवून. मग हळू, दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "सप्त्याक जाताना भजन थांबवतात काय रे?"

मी इंजिन बंद केलं.

आणि मग ऐकू आलं. समोर, अगदी जवळ, घरघरतं, दगड लोटत जाणारं पाणी! आमचे कीर्तनकार पूर्वरंगात दोरीवर भासणारा साप सांगतात. मला पाण्यावर रस्ता भासला होता.

शांताराम म्हणाला, मी पुढे चालून बघतो, गुडघ्याएवढं असेल तर काढू गाडी. बुवांना प्रहर हवा होता आणि मलाही हवा होता! पलीकडचा काठ हाकेवर असेल. तिथून तुये कितीसं लांब?

"पाण्यात कोणी उतरायचं नाही," मी म्हटलं. "आपण मागे फिरायचं."

"मग प्रहर गेलो," बुवा म्हणाले.

"गेला."

चंद्रभागाबाय मागून बोलली, "देव आमकां आयकूपाक बसला हां, बुडोवपाक न्हय."

इंजिन एका खटक्यात लागलं, ही देवाची कृपा. पण गाडी वळवायला जागा नव्हती. मागे जायचं तेही आंधळं. मागच्या बाजूला दिवा नाही, एकीकडे गटार, दुसरीकडे उतार. भैरू बॅटरी आणि झांज घेऊन उतरला. "मालक, एक वाजली की या. दोन वाजल्या की थांबा. माझ्या त्वांडाचं ऐकू यायचं न्हाई, झांजंचं येतंय."

एक! मी क्लच सोडला. चाकं फिरली, घसरली, पुन्हा धरली. एक! पाणी अजून पुढच्या चाकांशी खळखळत होतं. एक! दोन! थांबलो. मागचं चाक गटाराच्या ओठावर होतं. शांतारामने दगड लावला. एक! एक! शेवटी जीप फाट्याला लागली.

थिवीवरून, कोल्वाळच्या पुलावरून, दिवे पुसत पुसत, धारगळची चढण चढून आम्ही तुयेला पोचलो तेव्हा काकड आरतीची वेळ झाली होती. देवळातून भजन ऐकू येत होतं; बसलेल्या, फाटलेल्या आवाजातलं. आत पार्सेचे विठ्ठलबुवा डोळे ताणून गात होते. भोवतीचे अर्धे लोक बसल्या जागी पेंगत होते, पण टाळ कुणी खाली ठेवला नव्हता. आमच्याकडे बघून विठ्ठलबुवांनी जे डोळे वटारले, तशी शिवी मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. आणि त्याच ठेक्यात, एकही ठोका न चुकवता, त्यांनी टाळ बाबुरावबुवांच्या हातात दिले.

सकाळी रामचंद्रबाबांनी सगळं ऐकून घेतलं. तरी शब्द फिरवला नाही. मध्यरात्रीचा प्रहर पार्सेचा. मुळगावला पुढच्या वर्षापासून दुपारचा, महाप्रसादानंतरचा, जेव्हा ऐकायला फक्त खांब जागे असतात.

बुवांना ते लागलं. चंद्रभागाबाय म्हणाली, "दुपारचो तर दुपारचो. कृष्णनाथाक वाट दिसतली तरी."

परतताना बुवांनीच जवळच्या वाटेने न्यायला सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. आम्ही व्हाळाच्या पलीकडच्या काठावर आलो. पाणी ओसरलं होतं. फरशीपुलाचा मधला भाग नव्हताच. तिथे तांबडं पाणी मोकळं धावत होतं. समोरच्या काठावर चिखलात आमच्या चाकांच्या खुणा होत्या, थेट पाण्याच्या तोंडापर्यंत.

आता पुन्हा गाडी वळवून लांबच्या वाटेने जायचं होतं, आणि त्याचाही मला वैताग आला होता.

तेवढ्यात बुवांनी भैरूकडे हात केला. भैरूने झांज उचलली. आणि बुवांनी अभंग धरला, पहिल्यापासून नाही. मी जिथे थांबवला होता, त्याच ओळीच्या त्याच शब्दापासून.

मी इंजिन बंद केलं.