नऊ दांड्या

शुक्रवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली. काकांनी दार उघडलं तर एक म्हातारे गृहस्थ बुटांचं खोकं छातीशी धरून उभे होते. खोक्यात कुंडी होती आणि कुंडीत एक झाड.

"खून झालाय," गृहस्थ म्हणाले.

"कुणाचा?" काकांनी घाबरून जिन्याकडे पाहिलं.

"ह्याचा." गृहस्थांनी खोकं पुढे केलं.

काकांची ओळख इथेच करून दिलेली बरी, नाहीतर पुढे त्यांचा राग येईल. माणूस सरळ, पण कुठलीही गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागते. डोकं चालवण्याचं खातं त्या घरात काकूंकडे. काकूंनी वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडले आणि आता खाजगी चौकशीची कामं घेतात. लोक त्यांना चौकशीकाकू म्हणतात, अर्थात तोंडावर नाही.

गृहस्थ घड्याळजी होते. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. आफ्रिकन व्हायोलेट वाढवणं हा त्यांचा एकमेव नाद. खोक्यातल्या झाडाची पानं लवदार, ताटलीसारखी गोल रचलेली होती. मधोमध मात्र अर्ध्या बोटाएवढे नऊ खुंट उरले होते.

"कालपर्यंत नऊ दांड्या फुलांनी भरलेल्या होत्या, बाई. पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीवर मधोमध जांभळा पट्टा. साध्या जांभळ्या झाडाला एकदा आपोआप असं पिल्लू, म्हणजे बुडाशी छोटं रोप, फुटलं. ते माझ्या बायकोच्या नजरेस पडलं. तिला जाऊन चार वर्षं झाली. ह्या रविवारी झाड पहिल्यांदा प्रदर्शनात मांडणार होतो."

"कुणावर संशय?"

"संशय कसला? माझी सूनच. बुधवारी भांडण झालं. म्हणाली, बाहेरची खोली झाडांना आणि माणसं कोपऱ्यात, एक दिवस ही मांडणी उचलून जिन्यात ठेवीन. काल झाड भादरलं. मी मुलाला सांगून टाकलं, ह्या घरात ती राहील नाहीतर मी. तिने बॅग भरलीय, रविवारी माहेरी जातेय. मला फक्त पुरावा हवा."

"पुरावा तुम्हाला हवा तिकडेच जाईल असं नाही," काकू म्हणाल्या. "चालेल?"

घड्याळजींनी नाराजीने मान हलवली.

"तुमचं भिंग आणलंय?"

घड्याळजी ते कायम खिशात ठेवत. काकूंनी डोळ्याला लावून नऊही खुंट पाहिले आणि भिंग काकांना दिलं.

"काय दिसतंय?"

"टोकं चपटलीत," काका म्हणाले. "दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखी."

"आणि पानं?"

"पानांना काहीच झालं नाही."

"हं," काकू म्हणाल्या. "घड्याळजी, ह्याचं पिल्लू कुणाला दिलंय का?"

"छे! प्रदर्शनाच्या झाडाला बाजूचं पिल्लू चालतच नाही. दिसलं की काढून चुरगाळून टाकतो. पानं मात्र मागेल त्याला देतो. पान मातीत खोचलं की मुळं धरतं. डॉक्टरांना दिलं, शेजारच्या शिवणवाल्या बाईंना तर तीनदा दिलं. आपण हात आखडता घेत नाही." बोलताना ते ओठांत हसले. झाड गेल्याच्या दुःखात ते हसू कुठून आलं, हे काकूंनी मनात टिपून ठेवलं.

गुरुवारी चार ते पाच घड्याळजी रक्तदाब तपासायला गेले होते. जाताना सगळी फुलं जागेवर होती. तेवढ्या तासात घरात तिघं येऊन गेली. शिवणवाल्या बाईंकडे घराची जास्तीची किल्ली असे. प्रदर्शनाच्या टेबलासाठी शिवलेलं काळं कापड त्यांनी चार वाजता आत नेऊन ठेवलं. सव्वाचारला दातांचे डॉक्टर, म्हणजे व्हायोलेट मंडळाचे चिटणीस, त्यांच्याकडून किल्ली घेऊन प्रवेशाचा फॉर्म उचलून गेले. साडेचारला सून कामावरून परतली.

घड्याळजींच्या बाहेरच्या खोलीत तीन मजली मांडणी होती, वर ट्यूबलाइट लावलेल्या. प्रत्येक कुंडीच्या बुडातून नायलॉनची एक वात खालच्या पाण्याच्या वाटीत सोडलेली होती. झाड त्या वातीने पाहिजे तेवढं पाणी वर ओढून घेतं. काकूंनी फरशी पाहिली, मांडणीखाली हात फिरवला, कचऱ्याचा डबा उपसला. डबा बुधवारपासून रिकामा केला नव्हता, तरी त्यात एकही पाकळी नव्हती.

सून आतल्या खोलीत होती. चष्म्याच्या दुकानात कामाला होती ती. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"काल आल्यावर मांडणीकडे पाहिलंस?"

"नाही, काकू. बुधवारपासून मी तिकडे बघणंच सोडलंय. बघितलं तरी बोलणी, नाही बघितलं तरी बोलणी."

"बाबांचा राग आला होता?"

"आला होता. अजून आहे. पण त्या झाडाला मी हात कशाला लावू? मला गरजच नाही."

ती डब्याची पिशवी उचलायला वाकली आणि पिशवीतून नायलॉनच्या दोऱ्याची गुंडाळी घरंगळली. सुनेने ती झटकन आत टाकली. काकूंनी पाहिलं आणि काही विचारलं नाही.

"सुनेनेच केलंय," जिना उतरताना काका म्हणाले. "दोरा लपवला बघ."

"दोऱ्याने फुलं कापतात का, अहो?"

"नाही, पण लपवला ना!"

डॉक्टरांच्या दवाखान्यात ट्रेमध्ये बारीक पाती ओळीने मांडलेली होती. काकांनी काकूंना कोपराने असं ढोसलं की त्या खुर्चीवरून पडता पडता वाचल्या.

"फुलं होती का, ते देवाशपथ आठवत नाही," डॉक्टर म्हणाले. "पेशंट खुर्चीत आ वासून बसला होता. फॉर्म उचलला आणि पळालो. आणि मला ते झाड नकोच होतं, माझा जीव छोट्या जातींवर. पण घड्याळजी लबाड हं! पट्टेरी झाडाचं पान वाटत फिरतात. मला दिलं तेव्हा मी तोंडावर हसलो आणि परत केलं."

"का?"

"गेल्या महिन्यात मंडळात ह्यावरच बोललो मी. अकरा जण आले, त्यातले सात झोपले. शिवणवाल्या बाई तेवढ्या पहिल्या रांगेत वही घेऊन बसल्या होत्या, दोन प्रश्नही विचारले त्यांनी. हा घ्या त्याचा कागद."

गाडीत काकांनी कागद मोठ्याने वाचला. "'पट्टेरी फुलाच्या झाडाचं पान लावल्यास नवं झाड साध्या फुलाचं येतं. पट्टे हवे असतील तर बाजूचं पिल्लू लावावं. पिल्लू नसेल तर फुलाची दांडी लावावी. दांडीवर दोन बारीक पानं असतात, त्यांच्या बेचक्यातून रोप फुटतं. दांडी झाकलेल्या डब्यात, उबेला ठेवावी.' वा! म्हणजे म्हातारबुवा इतके दिवस लोकांना पानं पुसत होते की!"

"बघा, पहिल्यांदाच कळलं तुम्हाला," काकू म्हणाल्या.

"पण त्याचा फुलं कापण्याशी काय संबंध?"

काकूंनी सुस्कारा सोडला.

शिवणवाल्या बाईंची खोली म्हणजे एक मशीन, एक खिडकी आणि चिंध्यांची टोपली. खिडकीत साध्या जांभळ्या फुलांची तीन व्हायोलेट होती. गळ्यात दोरा कापायची छोटी कात्री लटकत होती. फ्रिजवर झाकणाचा एक पारदर्शक डबा होता, आतून वाफ धरलेला.

"टोमॅटोचं बी पेरलंय," काकूंची नजर पाहून त्या म्हणाल्या. "कालचं विचारताय ना, ताई? मी कापड ठेवलं आणि परत आले. मांडणीपाशी गेलेच नाही."

"ही तुमची झाडं छान आहेत."

"कसली छान! घड्याळजींनी तीनदा पट्टेरीचं पान दिलं. तिन्ही वेळा हे असलं साधं उगवलं. माझा हातच वाईट, दुसरं काय. पुन्हा एकदा पान मागेन, कधीतरी येतील की पट्टे."

"आता सुनेला घर सोडावं लागणार, कळलं का?"

शिवणवाल्या बाईंचा मशीनवरचा पाय थांबला. "तिला? तिने काय केलं?"

"घड्याळजींना वाटतंय, तिनेच कापलं."

 त्या सुईत दोरा ओवायला लागल्या आणि तो काही ओवला जाईना.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "त्या टोपलीत चिंध्या किती तऱ्हेच्या होत्या गं! चौकड्याची, ठिपक्यांची, आणि एक तर नखाएवढी, पांढरी, मधे जांभळा पट्टा. एवढ्याशा चिंधीचं काय शिवत असतील?"

काकू जागच्या जागी थांबल्या. "अहो, तुम्ही ना, कधीकधी फार कामाचे असता."

"म्हणजे काय?"

"संध्याकाळी सांगते. सगळ्यांना सहा वाजता बोलवा."

सहाला सगळे घड्याळजींच्या बाहेरच्या खोलीत जमले. जागा नव्हतीच, मांडणीने खाल्लेली. सून दारात उभी होती, मागे भरलेली बॅग.

"घड्याळजी," काकूंनी सुरुवात केली, "तुम्ही म्हणालात, झाडाचं वाटोळं केलं. मी सकाळपासून वेगळाच विचार करतेय. नऊ दांड्यांची फुलं गेली कुठे? रागाने कुणी केलं असतं तर ओरबाडलं असतं, पानं मोडली असती, फुलं जमिनीवर पसरली असती. राग दाखवायचा असतो, लपवायचा नसतो. इथे पानाची लवही हलली नव्हती आणि पाकळी एक सापडली नाही. म्हणजे हा राग नाही. ही चोरी आहे."

"फुलं चोरून काय करणार कोणी?" घड्याळजी म्हणाले. "दोन दिवसांत सुकतात."

"फुलं नाही. दांड्या. त्या लावल्या की हुबेहूब पट्टेरी झाड येतं. पानातून येत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

घड्याळजींनी नजर चुकवली. डॉक्टर खाकरले.

"दांडीचं महत्त्व डॉक्टरांना माहीत होतं, हाती पाती होती. पण पात्याचा काप एका बाजूने येतो. हे खुंट दोन्ही बाजूंनी चिमटलेले आहेत. कात्री."

"मी म्हणालोच होतो, चिमटल्यासारखे!" काका म्हणाले.

"म्हणालात. आणि एक बाई मला म्हणाल्या, माझा हात वाईट म्हणून पट्टे आले नाहीत, पुन्हा पान मागेन. ज्या बाई महिन्यापूर्वी पहिल्या रांगेत बसून पानातून पट्टे येत नाहीत हे वहीत लिहून घेतात, त्या असं का म्हणतील? ठाऊक नसल्याचं सोंग करायचं असेल तरच. दांडी लावण्याआधी फुलं खुडून टाकावी लागतात. ती चिंध्यांच्या टोपलीत टाकली. चिंध्यांत चिंधीसारखीच दिसतात. पण आमच्या ह्यांना एक दिसली."

शिवणवाल्या बाई उठून गेल्या. पळाल्या असंच काकांना वाटलं. मिनिटाभरात त्या फ्रिजवरचा डबा घेऊन परत आल्या आणि घड्याळजींच्या मांडीवर ठेवला. आत ओल्या मातीत नऊ दांड्या खोचलेल्या होत्या.

"वहिनी आजारी होत्या तेव्हा रोज त्यांचे केस मी विंचरायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायच्या, बरी झाले की तुला एक पिल्लू देईन. त्या गेल्या. मग तुमच्याकडे मागितलं. तुम्ही पान दिलंत, हसत. ते वर्षभर तान्ह्या पोरासारखं सांभाळलं, फूल जांभळं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. तीन वर्षं मी माझ्या हातांना शिव्या घातल्या. आणि मग कळलं, हात चांगलेच होते." त्या सुनेकडे वळल्या. "तुझ्यावर येईल हे माझ्या मनातही नव्हतं गं. सकाळी कळलं तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही. माझं चुकलं."

एवढं बोलून त्या घरी निघून गेल्या. घड्याळजी डब्याच्या झाकणावरची वाफ बघत बसले.

"आता तू," काकू सुनेला म्हणाल्या. "पिशवीत वाती कुणासाठी नेतेस?"

 सून चपला घालून बाहेर गेली. वीस मिनिटांनी परतली तेव्हा हातात कुंडी होती. झाड फुलांनी लगडलेलं, पांढऱ्या पाकळ्या, मधोमध जांभळा पट्टा.

घड्याळजी उभेच राहिले. "हे कुठून?"

"आईंनी दिलं. जायच्या महिनाभर आधी. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या खिडकीत ठेवते." तिचा आवाज आता ताठ नव्हता. "म्हणाल्या, एक माझ्यानंतरही कुठेतरी असू दे. ह्यांना सांगू नकोस, ह्यांना देणं जमत नाही. काल सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, चोरलं."

"म्हटलं असतं," घड्याळजी म्हणाले. त्यांनी भिंग डोळ्याला लावून एक-एक फूल पाहिलं. बराच वेळ भिंग काढलं नाही. "डावीकडे झुकलंय. रोज फिरवत नाहीस?"

"फिरवते, बाबा. पण उजेड एकाच बाजूने येतो."

त्यांनी डॉक्टरांकडून फॉर्म मागून घेतला, स्वतःचं नाव खोडलं आणि पेन सुनेच्या हातात दिलं. "तुझं लिही. आणि ती बॅग रिकामी कर. माझं चुकलं, पोरी."

ती लिहीत असताना त्यांनी सवयीने खालची पानं उचलून पाहिली. बुडाशी एक पिल्लू फुटलं होतं. नख पुढे गेलं आणि थांबलं.

"हे रविवारच्या आधी काढावं लागेल," ते म्हणाले. "झाड तुझं आहे. काढू?"

सुनेने मान डोलावली. त्यांनी घड्याळाचा चिमटा आणला. केसाएवढे स्क्रू बसवायचा तो. पिल्लू अलगद सोडवून कागदी कपात मातीत बसवलं आणि कप दोन्ही हातांत धरून ते एकटेच शेजारी गेले.

दार उघडं होतं. मशीन बंद होतं. शिवणवाल्या बाईंनी आधी कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि हात पुढे केला नाही.

"घ्या," घड्याळजी म्हणाले. "हे पान नाही."