आत जागा आहे का?

कुणाला हसायचं असेल तर हसू दे. पण हिलरी थरगुड खोटं बोलणारी बाई नाही. एकतीस वर्षं तिनं आमच्या गावात घरोघर टपाल वाटलं. तिच्या तोंडून ऐकलं, ते तसंच सांगतोय.

जानेवारी २०१९. रविवार. दुपारचे तीन.

ठिकाण, इंग्लंडातल्या नॉरफोकमधली सॅलोमीअरची राखीव पाणथळ.

हिलरी आणि तिचा थोरला भाऊ डेस्मंड दर हिवाळ्यात तिथं जायची. दिवस मावळताना भोवत्या ससाणे, हे शिकारी पक्षी, लव्हाळ्यात मुक्कामाला उतरतात, ते बघायला. डेस्मंड चौसष्टचा. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. घरात एकटाच.

लव्हाळ्यातून जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेच्या टोकाला पक्षी बघायचं लपण आहे. छोटी लाकडी खोली, पाण्याकडे फटीसारखी खिडकी, समोर एक लांब बाक. त्या दिवशी आत दोघंच होती.

"सँडविच काढ," डेस्मंड म्हणाला.

"आत्ताच गाडीत खाल्लंस ना?"

"ते प्रवासाचं होतं. हे पक्ष्यांचं."

हिलरी हसली. तेवढंच हसणं.

कारण मग धुकं आलं. पाणी दिसेनासं झालं. मग लव्हाळं. मग खिडकीच्या बाहेरचं सगळंच.

पलीकडे शेकडो कलहंसांचा कालवा चालला होता...

तो एकदम थांबला.

एकही पंख वाजला नाही.

आणि फळ्यांवर पावलं वाजली. सावकाश. ओल्या बुटांची. दारापाशी येऊन थांबली.

"आत जागा आहे का?"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. फार दमलेला.

"आहे की!" डेस्मंड म्हणाला. "या, या. गारठा फार आहे बाहेर."

दार उघडलं नाही.

पण डेस्मंडच्या पलीकडे... बाक करकरला. फळी हळूच खाली दबली. कुजक्या चिखलाचा वास खोलीभर पसरला.

हिलरीनं भावाची बाही घट्ट धरली. "डेस... तिथं कुणी नाहीये."

"हळू बोल," तो पुटपुटला. "त्यांना ऐकू जाईल."

त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हिलरीला त्याचंच जास्त भय वाटलं.

तिनं त्याला ओढतच बाहेर काढलं. पुढे ती, मागे तो. पावलं मात्र तिघांची वाजत होती. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही.

दोघं गाडीत बसली. डेस्मंडनं इंजिन चालू केलं.

टिंग... टिंग... टिंग...

मागच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की वाजतो, तो इशारा. सीट रिकामी होती.

डेस्मंड मागे वळला आणि शांतपणे म्हणाला, "पट्टा लावून घ्या हं."

आवाज थांबला.

हिलरी तिच्या दारात उतरली. "आज रात्री माझ्याकडेच राहा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? घरी पाहुणा आलाय."

बुधवारी तिनं फोन केला.

"जेवलास का रे?"

"हो. आम्ही वाटाण्याचं सूप केलं होतं."

"आम्ही?"

फोनवर मागे कुठंतरी नळ सुरू होता...

"त्याला घर सोसत नाही गं, हिली. फार कोरडं आहे म्हणतो. दिवसभर न्हाणीघरातच असतो. उद्या त्याला परत सोडून येतो."

"एकटा जाऊ नकोस! शनिवारी मी येते, आपण मिळून जाऊ. ऐक माझं."

"एकटा कुठं जातोय?" तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हाच निघायला हवं होतं, असं हिलरी अजून म्हणते. पण दुसऱ्या दिवशी तिचं काम होतं. सकाळी अकराला तिनं फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

पुढचं तिला कळलं अंत्यविधीनंतर. पाणथळीचा राखणदार रोवन पास्क चर्चच्या आवारात तिच्याजवळ आला. धडधाकट गडी, पण टोपी हातात चुरगाळत होता.

"बाई, गुरुवारी सकाळी मी बांधावरून त्यांना बघितलं. फळ्यांवरून चालले होते. मध्येच थांबायचे, मागे वळून हात पुढे करायचे. म्हाताऱ्या माणसाला आधार देतात ना, तसा."

"मागे कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

त्या दिवशी पास्क तिथून आपल्या कामाला गेला. चार वाजता फाटक बंद करायला आला, तेव्हा त्यांची गाडी तिथंच होती. विजेरी घेऊन तो लपणापर्यंत गेला.

डेस्मंड बाकावर बसलेला होता. डोळे उघडे. छातीपर्यंत चिंब भिजलेला.

खालची जमीन मात्र कोरडी होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दुपारच्या आतच गेले असावेत.

"बस्स, एवढंच?" हिलरीनं विचारलं.

पास्कनं मान खाली घातली.

"मी पोलिसांना हे सांगितलं नाही, बाई. त्यांना शोधायला आत जाण्याआधी मी फाटकापाशी उभा होतो. धुकं होतं. अगदी शेजारून पावलं गेली, आणि त्यांचाच आवाज आला... 'येतो रे, रोवन. आम्ही निघालो.' मी म्हटलं, 'या, सांभाळून जा.'"

हे सगळं हिलरीनं मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. कपातला चहा तसाच राहिला. मग तिनं विचारलं, "निघाले म्हणजे... गेले कुठं असतील?"

मी उठून तिचा गार चहा मोरीत ओतला.

पास्क माझ्याही ओळखीचा आहे, हे तिला सांगितलं नाही. त्यानं मला हे सांगितलं, तेव्हा मी त्याला तेच विचारलं होतं. तो म्हणाला, पावलं फाटकातून बाहेर पडली आणि उजवीकडे वळली.

उजवीकडचा रस्ता एकाच ठिकाणी येतो.

आमच्या गावात.