पिंपळझरीचं वळण

मार्गयोजना प्रयोगशाळेच्या भिंतीएवढ्या पडद्यावर नऊशे किलोमीटरचा महामार्ग ताणलेल्या दोरीसारखा सरळ दिसत होता. फक्त पिंपळझरीपाशी तो तीन किलोमीटर बाजूला सरकला होता, आणि चौकशी अधिकारी डॉ. खापर्डे अर्धा तास त्या वळणाकडे पाहत बसले होते. न बोलता पाहणं ही त्यांची चौकशीची पद्धत होती.

"तिथे डोंगर नाही, तळं नाही, देऊळसुद्धा नाही," शेवटी ते म्हणाले. "आहे ती फक्त तुमच्या वडिलांची संत्र्याची बाग, कुसुमताई."

कुसुम इंगोले एकोणीस वर्षं त्या तालुक्याची सर्वेक्षक होती. आठवडाभर कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी डबा उघडत नव्हतं. बाग वाचवायला तिनेच रेषा वळवल्याचा आरोप टिकला तर नोकरी जाणार होती. संशय तिलाही होता: रेषा आखणाऱ्या मार्गवेधी यंत्रात कुणीतरी मुद्दाम हात घातला असणार.

"नोंदीसाठी सांगा, मार्गवेधी शिकतं कशावरून?"

"आमच्या चालण्यावरून. प्रत्येक सर्वेक्षकाच्या कमरेला पाऊलनोंद बांधलेली असते. जुना माणूस दलदल, दगा देणारी माती आपोआप टाळतो. का टाळली, हे कधीकधी त्यालाही सांगता येत नाही. का वळला ते यंत्राला कळत नाही. वळला, एवढं कळतं. माणूस जितका जुना, तितका त्याच्या वळण्याला मान."

"मग इथे कोण वळलं?"

खापर्ड्यांनी पाऊलखुणा उघडल्या. पडद्यावर लाल धागे पसरले. पहिली दहा वर्षं ते सरळ गावातून गेले होते. नंतरची नऊ वर्षं प्रत्येक धागा गावच्या शिवेवर येऊन डावीकडे वळला होता. सगळ्यांवर एकच क्रमांक होता, तिचा.

कुसुम हळूच खुर्चीत बसली. मग तिने सांगितलं. आई आजारी होती तेव्हा वडिलांनी कळवलं नव्हतं. पोरगी कामात आहे, कशाला जीवाला घोर, म्हणून. ती पोचली तेव्हा तेरावं चाललं होतं. त्यानंतर तिने गावात पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या रागाला यंत्र दलदल समजलं होतं.

खापर्ड्यांनी चष्मा पुसला. त्यांचा संशय तसाच राहिला.

"मग उपाय सोपा आहे. पाऊलनोंद बांधा आणि सोमवारपर्यंत बागेतून सरळ चार खेपा घाला. तुमचं वळण तुम्हालाच मोडता येईल. नवख्यांच्या शंभर खेपांना मार्गवेधी जुमानत नाही. रेषा सरळ झाली की तुम्ही निर्दोष."

"आणि बाग?"

"रस्त्यात जाईल."

शनिवारी सकाळी ती शिवेवरच्या बाभळीपाशी पोचली. पाय सवयीने डावीकडे वळायला लागले. तिने त्यांना थांबवलं. कमरेचा पट्टा सोडला, पाऊलनोंद फांदीला अडकवली आणि सरळ गावात शिरली.

वडील अंगणात खुरप्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली.

"काऊन आली वं? रस्ता मोजाले?"

"मोजायचं सामान बाहेर ठेवून आले."

त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "च्या ठेव मंग. साखर आता खालच्या फळीवर हाय."

सोमवारी पडद्यावरचं वळण सरळ झालेलं नव्हतं. उलट आणखी दोन किलोमीटर लांब गेलं होतं. खाली मार्गवेधीचा शेरा होता: 'ज्येष्ठ सर्वेक्षक शिवेवर पोचला, दोन दिवस एकाच जागी थांबला आणि माघारी फिरला. जमीन ओलांडण्यास अयोग्य.'

खापर्डे पुन्हा न बोलता पाहत राहिले. या वेळी पडद्याकडे नाही, तिच्या टेबलावरच्या संत्र्यांकडे.

"दोन दिवस तुम्ही शिवेवर उभ्या होतात?"

कुसुमने एक संत्रं सोलून अर्धं त्यांच्यापुढे ठेवलं. शेजारी राजीनामा ठेवला.

"नाही साहेब. शुक्रवारपर्यंत तुमचा संशय खोटा होता. आता खरा आहे."