सव्वातीनला काय झालं?

अगं ऐका ना, मी त्याला धड ओळखायच्या आधीच त्याने मला आठ तास आतून पाहिलं होतं.

खरंच. सहा महिन्यांपूर्वी लग्न ठरल्यापासून माझं पोट बिघडलेलं, तुम्हाला माहितीये. घास गेला की कळ. रिपोर्ट सगळे चांगले. आई म्हणायची, लग्न झालं की होईल नीट. लग्नाला वीस दिवस उरलेले. शेवटी डॉक्टरांनी कॅमेऱ्याची गोळी गिळायला लावली. कमरेला तिची चित्रं टिपणारा पट्टा, हातात कागद — काय खाल्लं, कुणाचा फोन आला, सगळं वेळेसकट लिहायचं.

चार दिवसांनी दवाखान्यातून बोलावणं आलं. अंधाऱ्या खोलीत फिल्म तपासणारा बसलेला... मला गोळी देणारा तोच. पडद्यावर गुलाबी, ओला बोगदा, श्वास घेतल्यासारखा उघडत-मिटत होता. कुणाच्या तरी घरात चोरून शिरल्यासारखं वाटलं — आणि घर माझंच.

"जखम नाही, सूज नाही," तो हळूच म्हणाला. "पण सव्वातीनला काय झालं?"

पडद्यावर आतड्याच्या भिंती एकदम जवळ आल्या. कॅमेरा अडकला. अकरा मिनिटं काही म्हणजे काही हललं नाही. आतून कुणीतरी दार दाबून धरलंय तसं. त्याने माझा कागद पुढे केला.

कागदावर माझंच अक्षर. सव्वातीन: त्यांचा फोन. ते म्हणजे होणारे नवरोबा. पाच वाजून दहा: पुन्हा त्यांचाच फोन. तिथेही भिंती मिटलेल्या. ओरडले वगैरे नव्हते हं. नोकरी सोड, एवढंच, गोड आवाजात. मी हो हो म्हणत होते... आणि आत कुणीतरी नाही म्हणत होतं.

तो म्हणाला, वेळेवर जेवण, पाणी, झोप, चालणं, हे डॉक्टर सांगतीलच. बाकीचं डॉक्टरांच्या हातात नाही.

"सुरुवात दाखवा ना," मी म्हटलं.

"तिथे काही नसतं." त्याचे कान लाल.

मीच बटण दाबलं. गिळायच्या आधीपासूनच कॅमेरा चालू असतो म्हणे. माझ्या तळहातावरून वर बघणारा... पडद्यावर त्याचा चेहरा. गोळीकडे लक्षच नव्हतं त्याचं. माझ्याकडे बघत होता — असं, की... नाही सांगता येत गं.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला, नवरोबांचाच. भिंतीवर घड्याळ. सव्वातीन.

मी उचलला. म्हटलं, नोकरी सोडणार नाही, लग्नही करणार नाही. ठेवला. खोली अगदी गप्प... आणि त्या शांततेत माझं पोट गुरगुरलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

तो हसला. "भूक लागलीये तुला."

तुला म्हणाला, पोरींनो.