डोळ्यांमधलं अंतर

ती चष्मा घालूनच चष्म्याच्या दुकानाच्या काचेच्या दारावर आदळली.

"दार हाताने ढकलायचं असतं," आतून आवाज आला. "कपाळाने नाही."

दुकानदार तिच्याच वयाचा होता. हसू दाबायचा त्याचा प्रयत्न चालला होता, पण फारसा जमत नव्हता.

"मला वाटलं, दार अजून वीतभर लांब आहे," कपाळ चोळत ती म्हणाली.

"कुठून घेतलात हा?"

"मोबाईलवरून. अर्ध्या किमतीत."

"आणि डोळ्यांमधलं अंतर कुणी मोजलं?"

"मीच… आरशासमोर पट्टी धरून."

आतल्या खोलीत काचा घासणारी त्याची आत्या खुदकन हसली. तिला मात्र हसू येईना. प्रयोगशाळेत ती हवेतले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. परवा सकाळी परीक्षा होती. सहा स्लाइड अचूक मोजल्या तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. आणि या चष्म्यातून एका कणाचे दीड दिसत होते! तक्रार केली, तर उत्तर आलं, दहा दिवस लागतील.

"दहा दिवस?" त्याने बाह्या सरसावल्या. "उद्या संध्याकाळी न्या. काचा इथेच घासतो आम्ही. बसा. आता माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा."

तिने बघितलं.

त्याने तिच्या नाकावर छोटी पट्टी टेकवली. त्याचा श्वास थांबला होता, की तिचा?

"आता… उजव्या."

तिने तिकडेही बघितलं. त्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका होता, डाव्यात नव्हता. अशा गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत.

"बासष्ट," तो घाईघाईने म्हणाला आणि मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवा चष्मा डोळ्यांवर चढला, आणि दुकानाची फरशी उताराला लागली.

"अगंबाई!" तिने टेबल धरलं.

आत्याने हातातली काच खाली ठेवली, पट्टी घेतली आणि निमिषात मोजून मोकळी झाली. "एकोणसाठ! अरे, तीन मिलिमीटरची चूक? या दुकानात? आजवर कधी झाली नाही रे अशी!"

तो कानापर्यंत लाल झाला.

"कारण कळायला हवं," ती गंभीरपणे म्हणाली. प्रयोग फसला की ती असंच बोलायची. "पट्टी चुकीची होती की वाचन?"

"वाचणारा."

"म्हणजे?"

"तुम्ही माझ्याकडे बघत होता—"

"तुम्हीच सांगितलंत ना बघायला!"

"सगळ्यांनाच सांगतो हो. पण हात… हात कधी असा कापत नाही."

आत्याने नव्या काचा घासायला यंत्र इतक्या जोरात सुरू केलं, की पुढचं कुणालाच बोलता आलं नाही.

सकाळी आठला तो प्रयोगशाळेच्या फाटकावर हजर. चष्मा त्याने स्वतः तिच्या डोळ्यांवर ठेवला, काड्या कानामागे बेताने वाकवल्या. समोरच्या झाडाचं पान न् पान सुटं झालं.

"दिसतंय?"

"सगळं!" ती म्हणाली आणि धावत आत गेली.

दोन तासांनी बाहेर आली, तर तो तिथेच, पायरीवर.

"सहा! सहाच्या सहा बरोबर!" ती जवळजवळ ओरडलीच. मग थबकली. "तुम्ही गेला नाहीत?"

"आत्या म्हणाली, त्रास झाला तर गिऱ्हाईकाला लगेच दुकानात घेऊन ये."

"आणि नाही झाला तर?"

"ते… ते तिने सांगितलं नाही."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. छाती अजून धडधडत होती, आणि आता परीक्षेचं निमित्तही उरलं नव्हतं.

"मला एक कबूल करायचंय. एका डोळ्यापासून दुसऱ्याकडे जाताना तुमची पट्टी सरकली होती. मला नाकावर कळलं होतं. परवाच."

तो बघतच राहिला. "अहो, मग बोलला का नाहीत? परीक्षा होती ना तुमची!"

"बोलले असते, तर तुम्ही ती नीट धरली असती." तिने मान खाली घातली. "चष्मा पहिल्याच खेपेला बरोबर आला असता… आणि मला परत यायला काही कारणच उरलं नसतं."